रनटाइमला क्लास शोधायचा, ऑब्जेक्ट बनवायचा: जावा रिफ्लेक्शन, नवशिक्यांसाठी

इंजिनीअरिंगच्या जावा प्रॅक्टिकलला डेटाबेस जोडताना एक ओळ सगळ्यांनी लिहिलेली असते. क्लास.फॉरनेम, आणि पुढे कंसात मायएसक्यूएल ड्रायव्हरचं लांबलचक नाव. मीही लिहिली. व्हायव्हात सरांनी विचारलं, ‘ही ओळ काय करते?’ मी म्हटलं, ‘ड्रायव्हर लोड करते.’ सर पुढच्या मुलाकडे वळले आणि मी सुटले. ती ओळ म्हणजे रिफ्लेक्शन होतं, हे मला नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं, तेही नागपुरात कळमन्याच्या बाजारात, पहाटे, थंडीत कुडकुडताना. तो किस्सा चौथ्या पायरीला येईल.

रिफ्लेक्शन म्हणजे चालू प्रोग्रामने स्वतःच्याच क्लासेसची चौकशी करणं: कोणते मेथड आहेत, कोणता कन्स्ट्रक्टर आहे, याचं ऑब्जेक्ट बनवता येईल का. जावात ही सोय १९९७ सालच्या जेडीके १.१ पासून आहे (जेडीके म्हणजे जावा लिहिण्या-चालवण्याचं किट). म्हणजे प्रकार जुना आहे, पण त्यात फसणारे लोक दरवर्षी नवे असतात.

एक खुलासा. इथे मी क्लास आणि मेथडची नावं देवनागरीत लिहिलीत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांसकट टाइप करायची. (जावा खरं तर क्लासला देवनागरी नावही देऊ देतं. पण टीमच्या प्रोजेक्टमध्ये हा प्रयोग करू नका, कोणाच्या तरी मशीनवर फाइलच्या नावाचे चौकोन होतात.)

हाताशी काय हवं

- जेडीके १७ किंवा त्यापुढचं. जुन्या ८ वर शिकलात तर खासगी मेंबर उघडण्याच्या बाबतीत नंतर धक्का बसेल.
- मेवन किंवा ग्रेडल, म्हणजे प्रोजेक्ट बांधून देणारं टूल. फक्त आयडीईचं (कोड लिहायच्या एडिटरचं) हिरवं बटण पुरणार नाही. जार (सगळ्या क्लास फाइल्स बांधलेली एक फाइल) बनवून ती टर्मिनलवरून चालवून पाहणं सक्तीचं समजा.
- जेडीकेबरोबरच येणारी दोन टूल्स: जारच्या आत काय आहे हे दाखवणारं ‘जार’ आणि क्लास फाइलमधले मेथड दाखवणारं ‘जावापी’.
- स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठून आली याची छापलेली यादी) शेवटपर्यंत वाचण्याची सवय. पहिल्या ओळीवर थांबणाऱ्याला रिफ्लेक्शन रडवतं.

१. आधी इंटरफेस, मग रिफ्लेक्शन

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. संत्र्याच्या अडत्याला बिल बनवून द्यायचंय. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आसपास सुरू होतो, मृगाचा फेब्रुवारीनंतर. दोन्हींची प्रतवारी वेगळी, तूट धरायची पद्धत वेगळी. शिवाय हमाली, तोलाई, आडत. उद्या तो म्हणणार, मोसंबीचंही करून द्या. प्रत्येक वेळी मुख्य प्रोग्राममध्ये एक इफ-एल्स वाढवायचा, की नवा क्लास टाकला की प्रोग्रामने तो आपोआप उचलायचा?

दुसरी वाट हवी असेल तर ‘हिशोब’ नावाचा एक इंटरफेस करा. त्यात एकच मेथड, रक्कम. आंबियाहिशोब, मृगहिशोब, मोसंबीहिशोब हे सगळे तो इंटरफेस पाळणार. रिफ्लेक्शन फक्त ऑब्जेक्ट जन्माला येईपर्यंत वापरायचं. त्यानंतर सगळं काम ‘हिशोब’ टाइपवर, साध्या मेथड कॉलने.

नवशिके इथेच घसरतात. ऑब्जेक्ट रिफ्लेक्शनने बनवतात आणि मग मेथडसुद्धा नावाने शोधून ‘इन्व्होक’ने बोलावत बसतात. असं केलं की कंपायलरची राखण पूर्ण गेली. मेथडचं नाव कोणी बदललं तर ते आता गिऱ्हाइकाच्या काउंटरवर कळणार. आणि क्लासेस तीनच असतील, वर्षानुवर्षं तीनच राहणार असतील, तर सरळ स्विच लिहा. लाज वाटायचं काही कारण नाही.

२. नाव माहीत असेल तर क्लास मिळवा

सेटिंग फाइलमध्ये क्लासचं नाव लिहिलंय, ते वाचून क्लास आणायचा:

क्लास<?> सापडलेला = क्लास.फॉरनेम("बाजार.संत्रा.आंबियाहिशोब");

ओळ एवढीशी, पण खड्डे बरेच.

नाव पॅकेजसकट पूर्ण हवं. इम्पोर्ट केलंय म्हणून नुसतं आंबियाहिशोब चालत नाही, कारण इम्पोर्ट हा कंपायलरचा विषय आहे, रनटाइमला त्याचा पत्ताच नसतो. क्लासच्या आत क्लास असेल तर मध्ये टिंब नाही, डॉलरचं चिन्ह: बाजार.संत्रा.आंबियाहिशोब$प्रत. आणि सेटिंग फाइलमधून नाव वाचताना शेवटी आलेली मोकळी जागा काढून टाका. त्या एका स्पेसपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

लहान-मोठ्या अक्षरांची चूक विंडोजवर वेगळंच सोंग घेते. फोल्डरमधून चालवताना विंडोजला फाइल सापडते, कारण त्याला अक्षरांच्या आकाराशी देणंघेणं नसतं. मग जेव्हीएम, म्हणजे प्रोग्राम चालवणारं जावाचं इंजिन, आतलं नाव बघून ‘रॉंग नेम’ म्हणत नोक्लासडेफफाउंडएरर देतं. तीच चूक जारमधून चालवली की क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन. दुखणं एकच, तक्रारी दोन.

आता व्हायव्हातल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर. फॉरनेम क्लास नुसता लोड करत नाही, तो इनिशियलाइजही करतो, म्हणजे त्यातले स्टॅटिक ब्लॉक (क्लास जागा होताना एकदाच चालणारा कोड) चालतात. डेटाबेस ड्रायव्हरच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये ‘मी आलोय, माझं नाव नोंदवा’ असं ड्रायव्हरमॅनेजरला सांगणारा कोड असतो. म्हणून परत आलेली किंमत कुठेही न वापरता ती ओळ काम करायची. तुम्हाला हे नको असेल, फक्त क्लास तपासायचा असेल, तर फॉरनेमचं तीन पॅरामीटरवालं रूप वापरा: नाव, इनिशियलाइज करायचं का हे सांगणारं खरं-खोटं, आणि क्लासलोडर (क्लास शोधून मेमरीत आणणारा). मधल्या जागी ‘फॉल्स’ दिलं की स्टॅटिक ब्लॉक झोपलेलेच राहतात.

३. ऑब्जेक्ट बनवा

हिशोब ह = सापडलेला.ॲजसबक्लास(हिशोब.क्लास).गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर().न्यूइन्स्टन्स();

ॲजसबक्लास कशाला? चुकीचा क्लास आला तर इथेच, दारातच, क्लासकास्टएक्सेप्शन मिळावं म्हणून. तो आत शिरून तिसऱ्याच ठिकाणी फुटला तर शोधायला वेळ जातो.

जुन्या नोट्समध्ये थेट क्लासवर न्यूइन्स्टन्स बोलावलेलं दिसेल. ते जावा ९ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे ‘आता वापरू नका’ असा शिक्का बसलेलं. त्यात खोट अशी की कन्स्ट्रक्टरमधून उडालेलं कुठलंही एक्सेप्शन, अगदी चेक्ड (कंपायलर ज्याची दखल घ्यायलाच लावतो ते) असलं तरी, तसंच बाहेर यायचं आणि कंपायलरला ते दिसायचंही नाही. कन्स्ट्रक्टरवरचं न्यूइन्स्टन्स ते इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शनमध्ये गुंडाळून देतं. पण मग ते गुंडाळणं सोडायची जबाबदारी तुमची. त्याचं गेटकॉज लॉगमध्ये छापलं नाहीत तर मेसेजच्या जागी नुसतं ‘नल’ दिसतं आणि माणूस चक्रावतो.

‘नोसचमेथडएक्सेप्शन’ आलं तर पुढची कारणं याच क्रमाने तपासा:

- तुम्ही पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर लिहिलात, त्यामुळे रिकामा कन्स्ट्रक्टर आपोआप मिळणं बंद झालं. दहापैकी बहुतेक वेळा हेच निघतं.
- गेटकन्स्ट्रक्टर वापरलंय, जे फक्त पब्लिक कन्स्ट्रक्टर बघतं. क्लासला ‘पब्लिक’ लिहायचं राहिलं असेल तर त्याचा आपोआप मिळालेला कन्स्ट्रक्टरही पब्लिक नसतो.
- पॅरामीटरचा टाइप तंतोतंत नाही. इंट वेगळा, इंटिजर वेगळा. कन्स्ट्रक्टर ‘लिस्ट’ मागत असेल आणि तुम्ही ‘ॲरेलिस्ट’चा क्लास दिलात तर सापडणार नाही. साध्या कॉलमध्ये कंपायलर जुळवून घेतो, इथे घेणार कोण?
- आतला क्लास स्टॅटिक नाही. तसं असेल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरला छुपा पहिला पॅरामीटर असतो: बाहेरच्या क्लासचं ऑब्जेक्ट.
- मुळात तो इंटरफेसच आहे. इंटरफेसला कन्स्ट्रक्टर नसतोच.

ॲबस्ट्रॅक्ट क्लासची गंमत वेगळी. त्याचा कन्स्ट्रक्टर सापडतो, पण बनवायला गेलात की इन्स्टन्शिएशनएक्सेप्शन. इनमचं (ज्याच्या किमती आधीच ठरलेल्या असतात त्या प्रकाराचं) ऑब्जेक्ट रिफ्लेक्शनने बनवता येत नाही, जावा स्पष्ट नकार देतं.

खासगी कन्स्ट्रक्टर सेटॲक्सेसिबलने उघडता येतो, तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये. पण जेडीकेच्या आतल्या क्लासेसवर हे हत्यार चालवू नका. जावा ९ मध्ये मॉड्यूल (कोणतं पॅकेज बाहेरच्यांना दिसेल हे ठरवणारे गट) आले, १६ मध्ये आतली दारं मुळातच बंद झाली आणि १७ मध्ये ती सरसकट उघडायचा जुना स्विचही निकामी केला. आता एकेक पॅकेज ‘ॲड-ओपन्स’ने उघडावं लागतं. ते लिहायची वेळ आली तर आपण चुकीच्या घराचं दार वाजवतोय का, हे आधी पाहा.

४. नाव माहीत नसेल तर शोधा

इथे सावकाश वाचा. खरी कसरत ही आहे.

सगळ्यांना वाटतं, ‘या पॅकेजमधले सगळे क्लास दे’ असं सांगणारा एखादा मेथड जावात असेलच. तो नाही. क्लासलोडर क्लास तेव्हाच आणतो जेव्हा कोणी तो नावाने मागतो. न मागितलेल्या क्लासची यादी त्याच्याकडे नसते. क्लास फोल्डरमधून येऊ शकतो, जारमधून, नेटवर्कवरून, किंवा चालता चालता मेमरीतच तयार झालेला असू शकतो. मग पॅकेज संपलं कुठे, हे सांगायचं कोणी?

हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी काय केलं ते ऐका. पॅकेजचं नाव घेतलं, टिंबाच्या जागी तिरकी रेघ घातली, क्लासलोडरकडून त्या फोल्डरचा पत्ता मिळवला, फाइल्सची यादी काढली, ज्यांच्या शेवटी ‘.क्लास’ आहे त्यांची नावं घेऊन फॉरनेम मारलं. आयडीईमध्ये झकास चाललं. ऑफिसात टाळ्या. दुसऱ्या दिवशी अडत्याच्या दुकानात जार टाकली, पहाटे गाड्या लागायला लागल्या, आणि स्क्रीनवर मालाच्या प्रकारांची यादी रिकामी. एरर नाही, काही नाही. अडते काका शांतपणे म्हणाले, ‘राहू द्या बाई, आम्ही वहीत लिहून राहिलो ना.’ त्या ‘राहू द्या’ने जितकं शिकवलं तितकं कुठल्या क्लासने शिकवलं नाही.

झालं असं होतं: आयडीईमध्ये क्लास फाइल्स खरोखरच्या फोल्डरमध्ये असतात. जारमध्ये डिस्कवरचा खरा फोल्डर नसतोच, ती एक झिप फाइल असते. पत्ता ‘जार:फाइल:’ने सुरू होतो आणि मध्ये उद्गारचिन्ह येतं. त्या पत्त्यावर साधी फाइल-यादी मागितली की ‘नल’ मिळतो. मी त्या ‘नल’ला इफ लावून गिळला होता. एरर दाबली नसती तर निदान कारण तरी दिसलं असतं.

मग करायचं काय? दोन रस्ते.

पहिला, आणि माझ्या मते बहुतेकांना पुरणारा: सर्व्हिसलोडर. जावा ६ पासून जेडीकेमध्येच आहे, बाहेरची लायब्ररी लागत नाही. यात शोधाशोध नसते, क्लास स्वतःच हजेरी लावतात.

- रिसोर्सेस फोल्डरमध्ये ‘मेटा-इन्फ’ आणि त्याच्या आत ‘सर्व्हिसेस’ असा फोल्डर करा.
- त्यात इंटरफेसच्या पूर्ण नावाची फाइल ठेवा. शेवटी एक्स्टेन्शन काही नाही. नोटपॅडने गुपचूप ‘.टीएक्सटी’ लावलं नाही ना, ते बघा.
- फाइलमध्ये एका ओळीवर एक, अशी क्लासेसची पूर्ण नावं लिहा.
- प्रत्येक क्लासला रिकामा पब्लिक कन्स्ट्रक्टर ठेवा.
- कोडमध्ये सर्व्हिसलोडर.लोड(हिशोब.क्लास) म्हणा आणि लूप फिरवा.

डेटाबेसच्या गोष्टीचा शेवटही इथेच आहे. जावा ६ बरोबर २००६ साली जेडीबीसी ४.० आलं आणि तेव्हापासून ड्रायव्हरमॅनेजर याच सोयीने ड्रायव्हर शोधतो. म्हणजे साध्या प्रोग्राममध्ये फॉरनेमची ती ओळ केव्हाच अनावश्यक झाली होती. आपण ती पाठ करून लिहीत राहिलो.

सर्व्हिसलोडरचे सापळे तीन, तिन्ही मी किंवा माझ्या हाताखालच्या मुलांनी अनुभवलेले. ती फाइल जावा कोडच्या फोल्डरमध्ये ठेवली तर मेवन ती जारमध्ये घेत नाही, रिसोर्सेसमध्येच हवी. फाइल यूटीएफ-८ हवी, पण सुरुवातीला बॉम नावाचं अदृश्य चिन्ह नको, नाहीतर पहिल्याच ओळीला अडखळते. आणि तिसरा सापळा सगळ्यात वाईट: सगळ्या जार एकत्र करून एक लठ्ठ जार बनवताना दोन जारमध्ये एकाच नावाची सर्व्हिस फाइल असेल तर एक दुसरीला पुसून टाकू शकते. मृगाचा हिशोब दिसतो, आंबियाचा गायब. मेवनचं शेड प्लगइन वापरत असाल तर त्यातला सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर चालू करा, तो दोन्ही फाइल्स जोडतो.

कोडमध्ये मॉड्यूल वापरत असाल तर मेटा-इन्फच्या फाइलऐवजी मॉड्यूल-इन्फोमध्ये ‘प्रोव्हाइड्स’ आणि ‘यूजेस’ लिहावं लागतं.

दुसरा रस्ता स्कॅनिंगचा. क्लासेस खूप आहेत, फाइलमध्ये नावं लिहीत बसणं परवडत नाही, किंवा ॲनोटेशन (क्लासच्या वर लावलेली @ची खूण) बघून निवडायचंय, तर क्लासग्राफ ही लायब्ररी घ्या. ती क्लास लोड न करता त्यांचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचते, त्यामुळे नको ते स्टॅटिक ब्लॉक चालत नाहीत आणि जारची भानगडही तीच सांभाळते. प्रोजेक्ट स्प्रिंग फ्रेमवर्कवर असेल तर स्प्रिंगचा स्वतःचा स्कॅनर आहे, वेगळं काही आणू नका. स्कॅनर हाताने लिहिण्याच्या फंदात मात्र पडू नका. मी पडले, वर वाचलंत.

स्कॅन करताना पॅकेज नेमून द्या. अख्खा क्लासपाथ (जावा जिथे जिथे क्लास शोधतं त्या सगळ्या जागा) चाळायला लावलं तर प्रोग्राम सुरू होईपर्यंत तर्री-पोहे खाऊन होतात.

५. सापडलेल्यातून निवडा

स्कॅनने आणलेल्या ढिगात इंटरफेस आणि ॲबस्ट्रॅक्ट क्लासही असतात. ते आधी बाजूला काढा. तपासणीसाठी हिशोब.क्लास.इजअसाइनेबलफ्रॉम(सापडलेला) असं लिहा. क्रम उलटा लिहिला तरी कंपाइल होतं आणि उत्तर गुपचूप ‘खोटं’ येतं, म्हणून डावीकडे मोठा, कंसात लहान, असं पाठच करा.

ॲनोटेशनने निवडत असाल तर तुमच्या ॲनोटेशनवर रिटेन्शन (खूण कुठपर्यंत टिकवायची ते) ‘रनटाइम’ लिहिलंय का ते पाहा. काहीच लिहिलं नाही तर ते क्लास फाइलपर्यंत पोचतं पण रिफ्लेक्शनला दिसत नाही. इथेही एरर येत नाही, फक्त रिकामी यादी. या विषयात रिकाम्या यादीने जितका वेळ खाल्ला तितका कुठल्याही एक्सेप्शनने नाही. म्हणून माझ्या कोडमध्ये आता एक ओळ कायम असते: एकही हिशोब सापडला नाही तर प्रोग्राम सुरूच होऊ नये.

मिळालेले कन्स्ट्रक्टर एका मॅपमध्ये ठेवून द्या. प्रत्येक बिलाला पुन्हा शोधायची गरज नाही.

६. बाहेरची जार जोडायची असेल तर

मुख्य प्रोग्रामला हात न लावता फोल्डरमध्ये नवी जार टाकली की मोसंबी सुरू, असं हवं तर यूआरएलक्लासलोडर लागतो. त्याला जारचे पत्ते द्या, पॅरेंट म्हणून हिशोब.क्लासचा लोडर द्या, आणि हाच नवा लोडर सर्व्हिसलोडरच्या लोड मेथडला दुसरा पॅरामीटर म्हणून पुरवा. हे दुसरं विसरलं तर तो आपल्या नेहमीच्या लोडरमध्येच शोधत बसतो. फोल्डरचा पत्ता देत असाल तर शेवटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर लोडर त्याला जार समजतो. विंडोजवर लोडर बंद केल्याशिवाय ती जार फाइल खोडताही येत नाही.

कधीतरी ‘हिशोबला हिशोबमध्ये कास्ट करता येत नाही’ असा मेसेज येईल. वेड लागलं नाहीये. जेव्हीएमसाठी क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक लोडर. एकच क्लास दोन लोडरनी आणला तर ते दोन वेगळे क्लास. टॉमकॅटसारखा सर्व्हर वेब ॲपमधल्या जारला आधी विचारतो, त्यामुळे तिथे हे हमखास भेटतं. इंटरफेसची प्रत एकाच ठिकाणी ठेवा आणि जोड-जारमध्ये ती ‘प्रोव्हाइडेड’ स्कोपने घ्या, म्हणजे कंपाइलपुरती, जारमध्ये न बांधता.

७. नाव बाहेरून येत असेल तर

वेब फॉर्ममधून, विनंतीतून आलेलं नाव थेट फॉरनेमला देऊ नका. कोणताही क्लास जागा करण्याची किल्ली तुम्ही अनोळखी माणसाला देताय. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली जी खोट जगभर गाजली, तिच्या मुळाशीही बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवून दुसरीकडून कोड आणणं होतंच. ‘आंबिया’, ‘मृग’ अशी लहान नावं बाहेर ठेवा आणि नाव ते क्लास हा मॅप स्वतःकडे. मॅपमध्ये नसेल तर नकार.

८. चालत नसेल तर काय पाहायचं

क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन म्हणजे तुम्ही मागितलेलं नाव क्लासपाथवर नाही. नोक्लासडेफफाउंडएरर म्हणजे क्लास कंपाइल करताना होता, आता नाही, किंवा तो आधीच एकदा कोसळलाय. हे दुसरं कारण फसवं आहे. स्टॅटिक ब्लॉकमध्ये गडबड झाली की पहिल्या वेळी एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर येतो आणि त्यानंतर प्रत्येक वेळी फक्त नोक्लासडेफफाउंडएरर. लोक शेवटची एरर बघून जार शोधत फिरतात. लॉगमध्ये वर, अगदी पहिल्या एररपर्यंत जा.

अँड्रॉइडवर करताय तर रिलीज बिल्डमध्ये आर८ (ॲप लहान करणारं टूल) क्लासची नावं बदलतो किंवा न वापरलेला समजून काढूनच टाकतो. ‘हे क्लास राहू दे’ असं सांगणारे कीप नियम लिहा. ग्रालव्हीएमची नेटिव्ह इमेज (जेव्हीएमशिवाय चालणारा प्रोग्राम) बनवत असाल तर कोणते क्लास रिफ्लेक्शनने लागणार, हे तिला आधीच कॉन्फिगरेशनमध्ये सांगावं लागतं.

परवाच ऑफिसातला नवा मुलगा आला. ‘ताई, मायावाला जार चालून नाही राहिला. आयडीईत तर मस्त चालते.’ मी म्हटलं, जार उघडून आत बघितलंस का? नव्हतं बघितलं. जारच्या आतली यादी दाखवणारं जार-टीएफ मारलं, मेटा-इन्फच्या खाली सर्व्हिसेस फोल्डरच नाही. फाइल रिसोर्सेसच्या ऐवजी जावा फोल्डरमध्ये बसली होती. हलवली, पुन्हा बिल्ड केलं, चाललं. पाच मिनिटं लागली. तो सकाळी दहापासून क्लासलोडर बदलत बसला होता.